टाक, दुवा आणि ‘नाही’

प्रतीकात्मक दुवा ही संगणकातली एक चिमुकली फाइल असते. तिच्यात फोटो नसतो, हिशेब नसतो, पत्र नसते. असतो तो फक्त दुसऱ्या एखाद्या फाइलचा पत्ता. संगणकवाले तिला ‘सिमलिंक’ किंवा ‘सॉफ्ट लिंक’ म्हणतात. कोणी ती उघडायला गेले की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला पत्ता वाचते आणि मागणाऱ्याला त्या ठिकाणी नेऊन सोडते. आपण दुव्यावरून आलो हे मागणाऱ्याला बहुधा कळतही नाही. एवढीशी ही सोय, पण तिने एक जुना प्रश्न यंत्राच्या गळ्यात बांधला आहे. नाव आणि नावाची वस्तू यांचे नाते काय? आणि नाव हाताशी असून वस्तू सापडली नाही, तर तेव्हा उच्चारलेल्या ‘नाही’ला अर्थ किती? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातले. बीड जिल्ह्यात, जिथे परळीचा वैजनाथ आहे, अंबाजोगाईची योगेश्वरी आहे आणि मुकुंदराज-दासोपंतांच्या समाध्या आहेत, तिथे तो प्रश्न पोथीत भेटतो तसा देवघरातही भेटतो.

योगेश्वरी ही कोकणस्थांमधल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. कुळे कोकणातली, पुढे पुण्या-मुंबईला आलेली, आता सातासमुद्रापार गेलेली. देवी मात्र बालाघाटाच्या डोंगरात. रोज दर्शनाला जाणे कोणालाच शक्य नाही, म्हणून देवघरात टाक असतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवीची आकृती, बोट-दीड बोट उंचीची. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून कित्येक घरांतल्या टाकांचे नाकडोळे पार बुजलेले असतात. तरी त्या गुळगुळीत पत्र्याला रोज फूल वाहिले जाते, आणि वाहणाऱ्याला विचारले की हे कोण, तर उत्तर येते, ‘अंबाजोगाईची देवी.’ ‘देवीचा पत्रा’ असे कोणी म्हणत नाही. पत्र्यावरची आकृती पुसली तरी चालते, कारण टाकाचे काम दिसणे हे नाही. त्याचे काम पत्ता सांगणे हे आहे.

ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रतीकोपासनेचा विचार येतो. तिथला निवाडा असा, की प्रतीकाकडे ब्रह्म म्हणून पाहावे, ब्रह्माकडे प्रतीक म्हणून पाहू नये. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिला आहे तो राजाच्या सेवकाचा: सेवकाला राजासारखा मान दिला तर कोणाचे बिघडत नाही, राजाला सेवकासारखे वागवले तर मात्र अनर्थ होतो. नात्याला दिशा आहे, आणि ती एकच आहे. दुव्याचेही तसेच. दुव्यात मूळ फाइलचा पत्ता असतो, पण मूळ फाइलला आपल्याकडे किती दुवे बोट दाखवत आहेत याचा पत्ताही नसतो. जगभरातल्या देवघरांत योगेश्वरीचे टाक किती, याची नोंद अंबाजोगाईच्या देवळात नाही. ती ठेवण्याची गरजही कोणाला वाटलेली नाही. दुव्यावर परवानग्यांची अक्षरे लिहिलेली दिसतात ती सर्वांना सर्व काही मोकळे असल्याची, पण ती नावापुरती. आत कोणाला सोडायचे हे ठरते मूळ फाइलच्या दारात.

दुवा मोडण्याच्या कृतीत तर हे साम्य फारच जवळ येते. गणेशपूजनात तांदळावर सुपारी मांडतात, अक्षता वाहून आवाहन करतात, आणि पूजा आटोपल्यावर पुन्हा अक्षता वाहून सुपारी जागची किंचित हलवतात. विसर्जन झाले. मघाशी देव असलेली सुपारी आता पुन्हा सुपारी. यात गणपतीला काही झाले असे पुरोहितालाही वाटत नाही आणि यजमानालाही नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल ‘पुसण्या’च्या मूळ आज्ञेचे नाव ‘अनलिंक’ असे आहे, म्हणजे दुवा सोडवणे. प्रतीकात्मक दुव्यावर ती चालवली तर फक्त दुवा जातो, मूळ फाइल जागच्या जागी राहते. उलट बाजू मात्र तितकी सुरक्षित नाही. दुवा उघडून त्यात काही लिहिले तर ते लिहिणे थेट मुळावर होते. पुसण्याची आज्ञा दुव्यापाशी थांबते आणि लिहिण्याची आज्ञा मुळापर्यंत जाते, हे न कळल्याने अनेक नवशिक्यांनी ‘ही तर नुसती प्रत आहे’ असे समजून मूळ मजकूर खरवडून काढला आहे.

इथे आणखी एका नात्याची ओळख करून घ्यावी लागते, नाहीतर गोंधळ होतो. युनिक्सच्या रचनेत फाइलला स्वतःचे नाव नसतेच. फाइल म्हणजे एक क्रमांक. त्या क्रमांकाच्या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. नाव असते ते फोल्डरमध्ये, म्हणजे यादीत: अमुक नाव, तमुक क्रमांक. एकाच क्रमांकापुढे दोन नावे लिहिली की ती ‘हार्ड लिंक’ झाली. योगेश्वरी आणि जोगाई ही जशी एकाच देवीची नावे. त्यांतले एक मूळ आणि दुसरे त्याचे प्रतीक असे काही नाही. दोन्ही सारखीच खरी, एक पुसले तरी दुसऱ्याने हाक मारता येते. शेवटचे नाव गेले आणि फाइल कोणी उघडून बसलेले नसले, की मगच जागा मोकळी होते. अद्वैत वेदान्तात ‘तो हा देवदत्त’ हे वाक्य फार चर्चिले गेले. पूर्वी काशीला पाहिलेला आणि आज इथे उभा असलेला, दोघांचा देश वेगळा, काळ वेगळा, तरी माणूस एकच. देशकालाचे वेगळेपण बाजूला सारले की ऐक्य उरते. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आयनोडचा क्रमांक पडताळणारा प्रोग्रॅम नेमके हेच करतो. हार्ड लिंक म्हणजे अभेद. प्रतीकात्मक दुवा म्हणजे भेद कायम ठेवून केलेला निर्देश. हार्ड लिंक युनिक्समध्ये अगदी आरंभापासून होती; प्रतीकात्मक दुवा मल्टिक्स या त्याआधीच्या सिस्टिममध्ये होता आणि युनिक्सच्या घरात तो रुळला १९८३ साली, बर्कलीच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर. विंडोजमध्ये तो खऱ्या अर्थाने व्हिस्टापासून आला. विंडोजच्या पडद्यावर बाण लावलेला ‘शॉर्टकट’ दिसतो तो मात्र वेगळा: त्याचा अर्थ लावते ती खिडकी, खाली बसलेल्या सिस्टिमच्या गाभ्याला तो एक साधी फाइल वाटतो.

आता वाट. समजा पत्ता आहे ‘/बीड/अंबाजोगाई/देऊळ/योगेश्वरी’. सिस्टिम हा पत्ता एका दमात वाचत नाही. पहिल्या तिरक्या रेघेपाशी, म्हणजे मुळाशी, ती उभी राहते. ‘बीड’ नावाची नोंद इथे आहे का? आहे. ते फोल्डर आहे का? आहे. त्यातून पुढे जायची परवानगी आहे का? आहे. मग बीडमध्ये शिरून ‘अंबाजोगाई’ शोधायचे. मध्येच एखादे नाव दुवा निघाले, तर त्याच्या पोटातला मजकूर काढून उरलेल्या पत्त्याच्या आधी जोडायचा आणि पुन्हा चालू लागायचे. दुव्यातला मजकूर तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर पुन्हा मुळापासून, नसेल तर दुवा जिथे ठेवला आहे तिथून. या दुसऱ्या प्रकाराला सापेक्ष दुवा म्हणतात. ‘मारुतीच्या देवळामागचे तिसरे घर’ हा पत्ता गावात चोख असतो आणि गाव बदलले की निरर्थक. सापेक्ष दुवा एकटा उचलून दुसरीकडे नेला की त्याची तीच गत होते.

परत फिरताना तर खरी गंमत होते. पुण्यातल्या देवघराच्या फोल्डरमध्ये ‘टाक’ नावाचा दुवा आहे आणि तो अंबाजोगाईच्या देवळाकडे नेतो, असे धरावे. ‘टाक’मध्ये शिरले आणि मग दोन टिंबांची ‘एक पायरी मागे’ ही आज्ञा दिली, तर माणूस कुठे पोचेल? आज्ञा घेणारा शेल म्हणतो, पुण्याच्या देवघरात, कारण आला तिथूनच. गाभा, म्हणजे कर्नल, म्हणतो, अंबाजोगाईत, कारण देवळाच्या मागची पायरी तीच. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. शेल भक्ताच्या आठवणीला प्रमाण मानतो, कर्नल भूगोलाला. एकाच पडद्यावर, एकाच दोन टिंबांचे हे दोन अर्थ तिथे वर्षानुवर्षे शेजारी नांदत आहेत, आणि त्यांचा मेळ घालायच्या भानगडीत न पडता शेलने दोन्हींसाठी वेगळे पर्याय ठेवून दिले आहेत. तेच शहाणपणाचे.

वाट संपण्याआधी काही अडले की चूक सांगितली जाते. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध चूक क्रमांक २ ची: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अशी फाइल वा फोल्डर नाही. हे वाक्य जगात रोज असंख्य वेळा छापले जाते, पण न्यायशास्त्राचा विद्यार्थी त्यावर लगेच बोट ठेवील. नैयायिकांच्या लेखी ‘नाही’ हे एकटे पद अपुरे आहे. जमिनीवर घट नाही असे म्हणताना घट हा त्या अभावाचा प्रतियोगी आणि जमीन हा अनुयोगी: काय नाही, आणि कुठे नाही. दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाचे ज्ञान पुरे होत नाही. युनिक्सचा संदेश अख्खा पत्ता पुढे करतो आणि म्हणतो, नाही. पण बीडच नाही, की बीड आहे आणि त्यात अंबाजोगाई नाही, की देवळापर्यंत सगळे आहे आणि फक्त देवी नाही? ते विचारणाऱ्याने स्वतः एकेक पायरी चढून तपासायचे. विंडोजने इथे थोडे अधिक नेमके बोलायचे ठरवले: शेवटची फाइल नसेल तर चूक २, वाटेतले फोल्डर नसेल तर चूक ३. तेवढ्यापुरता विंडोज नैयायिकांना जवळचा.

अभावाचे प्रकारही शास्त्रात मोजलेले आहेत. मडके घडण्याआधीचा तो प्रागभाव, फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, त्रिकाळी नसलेल्याचा तो अत्यंताभाव, आणि घट म्हणजे पट नव्हे हा अन्योन्याभाव. फाइल अजून बनलीच नाही, होती ती पुसली गेली, किंवा त्या नावाचे कधी काही होणारच नव्हते: चूक २ या तिघांना एका ओळीत बसवते. चौथ्याला मात्र युनिक्सनेही वेगळा क्रमांक दिला आहे. पत्त्याच्या मध्ये जिथे फोल्डर हवे तिथे साधी फाइल भेटली, की ‘नॉट अ डिरेक्टरी’ ही चूक २० येते. वस्तू आहे, पण ती ती नव्हे.

सर्वांत सूक्ष्म जागा चूक १३ ची आहे: ‘परमिशन डिनाइड’. वाटेतल्या फोल्डरमधून पुढे जायची परवानगी नसली की ही येते. लोक तिचा अर्थ ‘फाइल आहे, पण दाखवत नाहीत’ असा घेतात. तो चुकीचा आहे. त्या दारापुढे फाइल असेल किंवा नसेल. सिस्टिमने आत पाहिलेच नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी, म्हणजे न सापडणे, हे वेगळे प्रमाण मानतात, पण एका अटीवर. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असली पाहिजे. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. भर उजेडात रिकामी जमीन दिसली तर घट नाही असे म्हणता येते. अंधारात दिसत नाही एवढ्यावरून नाही असे म्हणता येत नाही. चूक २ आणि चूक १३ यांच्यातली भिंत हीच आहे. पहिली उजेडातले ‘नाही’ सांगते, दुसरी अंधारातले मौन. कित्येक प्रोग्रॅम दोन्ही चुका एकाच ‘फाइल सापडली नाही’ या खिडकीत कोंबतात, आणि मग कचेरीतला माणूस असलेली फाइल पुन्हा बनवत बसतो. हा कारागिरीचा आळस आहे. सिस्टिमने दिलेले ज्ञान वरच्या प्रोग्रॅमने फेकून दिलेले असते.

मीमांसकांच्या घरातच यावर एक भांडण होते. कुमारिल म्हणत, अभाव हा खरोखरीचा ज्ञानाचा विषय आहे. प्रभाकर म्हणत, कसला अभाव? रिकामी जमीन दिसते, बस्स. डिस्कवर पाहिले तर प्रभाकर जिंकतो: फोल्डरच्या यादीत असलेल्यांची नावे असतात, नसलेल्यांची नसतात, ‘नाही’ असे कुठेही लिहिलेले नसते. पण लिनक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्मृतीत डोकावले तर कुमारिल हसताना दिसतो. तेच नसलेले नाव पुन्हा पुन्हा विचारले जाते म्हणून लिनक्स ‘या नावाचे इथे काही नाही’ अशी चक्क एक नोंद करून ठेवतो, आणि पुढच्या वेळी डिस्कपर्यंत न जाता त्या नोंदीवरूनच उत्तर देतो. तिथे अभाव ही जागा व्यापणारी वस्तू आहे. अशा नोंदी फार साचल्या की त्यांचा भार होतो, हेही लिनक्स चालवणाऱ्यांना ठाऊक आहे.

लोंबता दुवा ही या सगळ्यातली सर्वांत उदास अवस्था. दुवा जागेवर आहे, त्यातला पत्ता नीट वाचता येतो, पत्त्यावर मात्र काही नाही. सिस्टिम दुवा बनवताना मूळ आहे की नाही ते तपासत नाही. नसलेल्याचाही दुवा बिनतक्रार बनतो. म्हणून ‘हे आहे का?’ असे विचारण्याचे दोन प्रकार ठेवलेले आहेत. ‘स्टॅट’ ही आज्ञा दुव्यावरून पुढे जाऊन वस्तूबद्दल सांगते, ‘एलस्टॅट’ दुव्यापाशीच थांबून दुव्याबद्दल. लोंबत्या दुव्याला पहिली म्हणते नाही, दुसरी म्हणते आहे. दोन्ही खरे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात असे दुवे कमी नाहीत. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. त्या नावाभोवती ज्या अंबानगरीचा उल्लेख येतो ती कोणती, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. एक बाजू अंबाजोगाई म्हणते, जिथे मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. दुसरी बाजू विदर्भात वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याकडे जाते. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड म्हणून सांगितले. त्या नावात कोणाला बीड ऐकू आले, कोणाला विजापूर, कोणाला चाळीसगावजवळचे पाटण. एलस्टॅटने विचारले तर विज्जडविड आहे: ग्रंथात शब्द स्वच्छ उभा आहे. स्टॅटने विचारले तर वाद सुरू होतो.

परळीचा वैजनाथ हे याहून अवघड प्रकरण, कारण तिथे वस्तू कमी नाही, जास्त आहे. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ म्हणून महाराष्ट्र परळीला जातो, बिहार-झारखंड-बंगाल देवघर या गावाला, आणि हिमाचलात कांगड्याच्या बैजनाथलाही तो मान सांगितला जातो. द्वादश ज्योतिर्लिंगांच्या छोट्या स्तोत्राच्या एका पाठात परळीचे नाव आहे, दुसऱ्या पाठात चिताभूमीचे, आणि शंकराचार्यांच्या नावावरच्या मोठ्या स्तोत्रात वैद्यनाथ ईशान्येकडे सांगितला आहे. म्हणजे वस्तूंवरून वाद आहे असे वाटते, पण तो पत्त्याच्या पाठभेदाचा आहे. सिस्टिमला असा प्रश्न पडला तर ती तो कठोरपणे सोडवते: नुसते ‘वैजनाथ’ म्हणणाऱ्याला तो ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथलाच वैजनाथ ती देते. कोणी कुठे उभे राहून विचारले यावर उत्तर ठरते. परळीत उभे राहून विचारणाऱ्याला ते उत्तर पटतेच.

दुवा पत्ता लक्षात ठेवतो, वस्तू नव्हे. म्हणून पत्त्यावरची वस्तू बदलली तरी त्याला कळत नाही. अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दगड नवे, कळस नवा, पण वैजनाथाचे नाव घेऊन येणारा यात्रेकरू चुकला नाही. इथे दुव्याचे आंधळेपण उपयोगी पडते, आणि मोठ्या संगणकांवर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवताना याच आंधळेपणावर भिस्त ठेवतात. ‘चालू’ नावाचा दुवा जुन्या फोल्डरवरून काढून नव्याकडे वळवायचा, वापरणाऱ्यांना पत्ताही नाही. पण हेच आंधळेपण चोरालाही सोयीचे. प्रोग्रॅमने फाइल तपासली तो क्षण आणि उघडली तो क्षण, यांच्या मधल्या फटीत कोणी तिथे दुवा घुसवला, तर तपासलेली वस्तू एक आणि उघडलेली दुसरीच. वेळ टळण्याची कथा परळी-अंबाजोगाईला परकी नाही: योगेश्वरीचे वैजनाथाशी लग्न ठरले, वऱ्हाड पोचेपर्यंत मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले, असे लोक सांगतात. संगणकात टळलेल्या मुहूर्ताचे दगड होत नाहीत, चोरी होते. सर्वांना मोकळ्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये परक्याने ठेवलेल्या दुव्यावरून जायचे नाही, असा पहारा लिनक्समध्ये २०१२ पासून उपलब्ध आहे.

दुव्याने दुव्याकडे बोट दाखवले आणि फिरून पहिल्याकडेच आले तर? तर्कशास्त्रात याची नावे तयार आहेत. स्वतःच स्वतःचा आधार तो आत्माश्रय, दोघे एकमेकांचे आधार तो अन्योन्याश्रय, तिघांपासून पुढे फेरा धरला तर चक्रक, आणि मागे मागे जात कधीच न थांबणारी ती अनवस्था. चारही दोष मानलेले, पहिले तीन सिमलिंकने दहा सेकंदांत बनवता येणारे. लिनक्स यांचा निवाडा एकाच हिशेबाने करतो: एका पत्त्यात चाळिसाहून जास्त दुवे ओलांडावे लागले, की ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स’ म्हणून वाट सोडून द्यायची. योगायोग असा, की लिनक्समध्ये या चुकीचा क्रमांकही ४० च आहे. यात खरे तर फेरा ओळखलेला नसतो. एक्केचाळीस दुव्यांची सरळ, निर्दोष साखळीही इथे दोषी ठरते. नैयायिक हे कधीच मान्य करणार नाही. त्याला दोष सिद्ध करून हवा असतो. पण ज्याला दर सेकंदाला लाखो पत्ते सोडवायचे आहेत त्याने वाद थांबवण्याची एक मर्यादा घातली, तर तिला व्यवहार म्हणतात.

देवनागरीत नावे ठेवणाऱ्याला यापलीकडचा एक त्रास आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थांत नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजून. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हे. त्यांपैकी एक्स्ट-४ मध्ये साठ बाइटपेक्षा लहान दुव्याचा मजकूर आयनोडच्या पोटातच मावतो. ‘बीड/अंबाजोगाई/योगेश्वरी’ हा पत्ता मुळाच्या रेघेसह रोमनमध्ये लिहिला तर २६ बाइट होतो आणि सहज मावतो. देवनागरीत तो ६६ होतो, आणि दुव्याला डिस्कवर वेगळी जागा घ्यावी लागते. हे निभते. न निभणारे दुखणे ‘ऱ्य’चे आहे. परळीच्या देवळाच्या पायऱ्यांचे फोटो ‘पायऱ्या’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि दुसऱ्या कीबोर्डवरून तेच नाव टंकून उघडायला गेले, तर चूक २ येऊ शकते. नाव डोळ्यांपुढे आहे, वेलांटी-काना तंतोतंत तोच, तरी ‘नाही’. कारण हा अर्धा र एका पद्धतीत स्वतंत्र चिन्हाने लिहिला जातो, दुसरीत साध्या र-ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर आकृती एक, खाली बाइट वेगळे.

शब्द म्हणजे काय हा वाद इथे अगदी उघडा पडतो. मीमांसक म्हणत, वर्ण हाच शब्द. वर्णांचा क्रम बदलला की शब्द बदलला. भर्तृहरीसारखे वैयाकरण म्हणत, वर्णांतून प्रकट होणारा अखंड स्फोट हा शब्द. लिनक्स कट्टर वर्णवादी आहे: बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळे, अर्थाशी त्याला देणेघेणे नाही. मॅक थोडा स्फोटाकडे झुकतो. युनिकोडने एकरूप ठरवलेल्या लेखनपद्धती तो एकच मानतो. पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाला युनिकोडनेच एकरूप ठरवलेले नाही, म्हणून तिथे मॅकही हात वर करतो. मराठी वाचकाचा डोळा पक्का स्फोटवादी, आणि त्याचे यंत्र मीमांसक. हे दुखणे गाभ्याने बरे करायचे नाही, कीबोर्ड बनवणाऱ्यांनी एकच पद्धत धरून बरे करायचे आहे, आणि त्याला फार उशीर झाला आहे.

उरते ते नामांतर. सिस्टिममध्ये नाव बदलणे ही सोपी क्रिया आहे: क्रमांक तोच, यादीतले नाव नवे. जुने नाव त्याच क्षणी नाहीसे होते आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे दुवे लोंबू लागतात. जुन्यावरून नव्याकडे नेणारी पाटी सिस्टिम आपणहून लावत नाही. लावायची असेल तर नाव बदलणाऱ्याने जुन्या नावाचा दुवा मागे ठेवायचा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. बीडच्या कचेऱ्यांचा रोजचा पत्रव्यवहार या दोन्ही नावांशी आहे, आणि ज्यांच्या संगणकांत फोल्डर वर्षानुसार नव्हे तर गावानुसार लावलेले आहेत त्यांनी नवे फोल्डर करून जुन्या नावाचा दुवा ठेवला असेल तर बरे, नाहीतर पुढच्या कारकुनाला चूक २ भेटणार. अंबाजोगाईने हे आधीच सोसले आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. त्या काळातला कागद शोधणाऱ्याने आजही ‘मोमिनाबाद’ या नावाखालीच शोधावे. अंबाजोगाई म्हणून विचारले तर यादी ‘नाही’ म्हणेल.